शहर आणि विद्यापीठ यांची भागीदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भागीदारी म्हणजे नेमकं काय? करार, समिती की नुसता सलोखा?

कागदावर ती सामंजस्य करार असते. व्यवहारात तिला चार पाय लागतात: तक्रारीसाठी एकच ठिकाण, दोन्ही संस्था मिळून पगार देतात असा एक पूर्णवेळ समन्वयक, वर्षभराच्या तारखांचं सामाईक वेळापत्रक, आणि दोन्ही अंदाजपत्रकांत या कामासाठी वेगळं लेखाशीर्ष. हे चार असतील तर करार उशिरा झाला तरी चालतं. हे नसतील तर करार हा सह्यांच्या दिवशीच्या फोटोपुरता उरतो.

गाव आणि विद्यापीठ यांचं एवढं बिनसतं कशावरून?

नव्याने बिनसलेलं नाही. ऑक्सफर्डमध्ये १० फेब्रुवारी १३५५ रोजी एका मद्यगृहात वाइनच्या दर्जावरून वाद झाला आणि त्याची दंगल झाली. त्यात ६३ विद्यार्थी-अध्यापक आणि सुमारे ३० गावकरी मारले गेले असं परंपरेने सांगितलं जातं. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली. गावाला दरवर्षी मारल्या गेलेल्या प्रत्येक विद्वानामागे एक, असे ६३ पेन्स देऊन प्रायश्चित्त घ्यावं लागलं, आणि हा प्रकार १८२५ पर्यंत चालला. औपचारिक समेट झाला तो १९५५ मध्ये.

आजची कारणं साधी आहेत: भाडं, गोंगाट, कचरा, पार्किंग आणि मालमत्ता कर. मुळाशी मात्र वेळेचा फरक आहे. विद्यार्थी त्या गल्लीत दोन-तीन वर्षं राहतो, शेजारी तीस वर्षं. शेजाऱ्याला वाटतं की आपण दरवर्षी तीच गोष्ट नव्या माणसाला पहिल्यापासून सांगतोय, आणि ते खरंच असतं. म्हणून एकदा केलेली जनजागृती इथे कामाची नाही. जे करायचं ते दर सत्रारंभी पुन्हा करावं लागणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था उभी करावी लागते.

सुरुवात कुठून करायची?

बैठकीपासून नको, नकाशापासून करा. मागच्या १२ महिन्यांत पालिका, पोलीस आणि विद्यापीठ यांच्याकडे आलेल्या तक्रारी एकत्र काढा आणि पत्त्यानुसार नकाशावर टाका. प्रत्येक तक्रारीला तारीख, वार, वेळ आणि प्रकार जोडा. बहुतेक वेळा दिसतं ते असं की तक्रारी गावभर पसरलेल्या नसतात. थोड्याच पत्त्यांवर, ठरावीक वारी आणि ठरावीक आठवड्यांत त्या साचलेल्या असतात. पुष्कळदा त्या पत्त्यांमागे घरमालकही तेच ते असतात. हे एकदा समोर आलं की ‘आजकालची मुलं’ या विषयावरची चर्चा आपोआप थांबते आणि ‘या घरांचं काय करायचं’ ही सुरू होते.

मग समिती. बारा-पंधरा माणसांच्या वर नेऊ नका. पालिकेकडून घनकचरा, बांधकाम परवानगी आणि वाहतूक विभाग, शिवाय पोलीस. विद्यापीठाकडून विद्यार्थी कल्याण, वसतिगृह आणि मालमत्ता विभाग. त्यांच्या जोडीला रहिवासी, विद्यार्थी प्रतिनिधी आणि घरमालक. घरमालकांना बोलवायचं हमखास राहून जातं, आणि किल्ल्या तर त्यांच्याच हातात असतात. येणाऱ्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे निर्णय घेण्याचा अधिकार हवा. ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ म्हणणारे तीन जण असतील तर पुढची बैठक घेऊच नका, आधी माणसं बदला.

करारात काय लिहायचं?

कमीत कमी एवढं: मुदत (पाच ते दहा वर्षं, याहून कमी असेल तर जुळवून घेण्यातच ती संपते), दरवर्षीच्या आढाव्याचा महिना, रक्कम असल्यास ती महागाईप्रमाणे कशी वाढेल, कोणती माहिती कोणाला किती दिवसांत मिळेल, आणि एका बाजूने शब्द पाळला नाही तर काय होईल. जबाबदारी नावावर नको, पदावर टाका. कुलगुरू बदलतात, महापौरही बदलतात.

प्रवेशसंख्येचं एक कलम अवश्य घाला: विद्यार्थीसंख्या ठरलेल्या टक्क्यांपेक्षा वाढवायची असेल, तर तेवढे बेड आणि बसफेऱ्या कुठून येणार हे विद्यापीठाने किमान १८ महिने आधी लेखी कळवावं. या कलमाला विद्यापीठाचा विरोध होतो. तरीही सगळा करार एका पानात मावणार असेल, तर त्या पानावर आम्ही हेच कलम ठेवू.

‘प्रयत्नशील राहतील’, ‘शक्य तेथे सहकार्य करतील’ असे शब्द मसुद्यात दिसले की तिथे तारीख किंवा आकडा लिहा. लिहिता येत नसेल तर ते वाक्यच काढा.

विद्यापीठ मालमत्ता कर देत नाही. मग रस्ते, अग्निशमन, पाणी यांचा खर्च गावाने का सोसायचा?

अनेक देशांत शैक्षणिक मालमत्तेला कायद्यानेच करमाफी असते. अशा ठिकाणी वाटाघाटी होतात त्या कराऐवजी दिल्या जाणाऱ्या ऐच्छिक रकमेच्या. अमेरिकेत याचे बरेच नमुने आहेत.

बॉस्टनची पद्धत हिशेबाला सोपी आहे. संस्थेच्या करमुक्त मालमत्तेतले पहिले १.५ कोटी डॉलर सोडून द्यायचे, उरलेल्यावर कर लागला असता तर जेवढा झाला असता त्याच्या २५ टक्के रक्कम मागायची, आणि त्यातली निम्म्यापर्यंत लोकोपयोगी सेवांच्या रूपात चालवून घ्यायची. येल विद्यापीठाने २०२१ मध्ये न्यू हेवन शहराशी सहा वर्षांत सुमारे १३.५ कोटी डॉलर देण्याचं ठरवलं. त्या करारातली दुसरी तरतूद जास्त शिकण्यासारखी आहे: विद्यापीठाने एखादी करपात्र इमारत घेऊन ती शैक्षणिक वापरात आणली, तर शहराचं उत्पन्न एका दिवसात शून्य होत नाही, भरपाई १२ वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरते. इथाका शहर आणि कॉर्नेल विद्यापीठ यांचा २०२३ चा करार १५ वर्षांचा असून त्यात वर्षाला ४० लाख डॉलर ठरले.

घोडं पेंड खातं ते तीन ठिकाणी. पहिलं, सेवांची मोजदाद. विद्यापीठ नाहीतरी देणार असलेल्या शिष्यवृत्त्या आणि सगळ्यांसाठी खुलं असलेलं ग्रंथालय हेही ‘योगदान’ म्हणून धरलं जातं. त्यामुळे कोणत्या सेवा धरायच्या याची यादी आधी ठरवा, आणि शहराने मागितलेल्या सेवाच धरा. दुसरं, पैसा सर्वसाधारण निधीत मिसळला की तो दिसेनासा होतो, आणि पुढच्या वेळी विद्यापीठ ‘आमच्या पैशाचं काय झालं’ असं विचारतं. तिसरं, महागाईचं कलम नसेल तर दहाव्या वर्षी त्याच रकमेत पहिल्याइतकं काम होत नाही.

वाटाघाटी टाळल्या तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. प्रिन्स्टनमध्ये रहिवाशांनी विद्यापीठाच्या करमाफीविरुद्ध लढलेला दावा २०१६ मध्ये १.८ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या तडजोडीने मिटला.

विद्यार्थ्यांमुळे भाडी वाढतात, हे खरं आहे का?

जिथे घरं कमी आणि वसतिगृहं अपुरी, तिथे खरं आहे, आणि कारण गणिताचं आहे. चार खोल्यांचं घर कुटुंबाला दिलं तर भाडं एक-दोन पगारांतून येतं. तेच घर बेडच्या हिशेबाने दिलं तर चार घरांतून आलेले पैसे एकत्र होतात. घरमालक कुठे वळणार, हे सांगायला नको.

आधी तूट नीट मोजा. एकूण प्रवेशसंख्या वजा उपलब्ध बेड, हा हिशेब चुकीचा आहे. त्यातून आईवडिलांच्या घरी राहणारे, दूरस्थ शिक्षण घेणारे आणि स्वतःच्या कुटुंबासह राहणारे वजा करा, मग उरतो तो आकडा खरा. नव्या वसतिगृहाची तारीख ठरवताना बांधकाम एक सत्र लांबेल असंच धरून चाला. इमारत सत्रारंभानंतर दोन महिन्यांनी उघडली तर ती त्या वर्षापुरती जवळजवळ वाया गेली, कारण मुलांनी तोवर वर्षभराचे भाडेकरार केलेले असतात.

एका घरात किती विद्यार्थी राहतील यावर मर्यादा घातली तर?

चालतं, पण मर्यादा कशावर घालता यावर सगळं अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये २०१० पासून तीन ते सहा असंबंधित व्यक्तींच्या सामाईक घराला नियोजन नियमांत वेगळा वर्ग आहे, आणि स्थानिक परिषदेने ठरवलं तर कुटुंबाचं घर अशा घरात बदलायला परवानगी लागते. यॉर्कने त्यासाठी दुहेरी कसोटी लावली: आसपासच्या भागात अशी घरं २० टक्क्यांपर्यंत आणि त्याच रस्त्याच्या १०० मीटरमध्ये १० टक्क्यांपर्यंत. दुसरी कसोटी महत्त्वाची आहे, कारण प्रभागाची सरासरी ठीक दिसत असतानाही एखादी गल्ली पूर्ण बदलून गेलेली असते.

‘असंबंधित माणसं किती’ यावर सरसकट मर्यादा घालणं हे वेगळं प्रकरण. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात असा नियम बरीच वर्षं होता: कुटुंब नसेल तर साधारण तीनच माणसं. त्याचा फटका विद्यार्थ्यांइतकाच कमी पगाराच्या नोकरदारांना बसत होता. २०२४ मध्ये कोलोरॅडो राज्याने नात्यावर आधारलेल्या अशा मर्यादाच कायद्याने बंद केल्या. आमचं मत: माणसांची नाती मोजू नका, जिने, खिडक्या, संडास आणि आग लागल्यावर बाहेर पडायचे मार्ग मोजा. कोर्टात टिकतं ते हेच, आणि जीवही यानेच वाचतात.

मर्यादेचा एक दुष्परिणाम ठरलेला आहे. हद्दीबाहेरच्या पहिल्या गल्लीत रूपांतरं वाढतात. म्हणून नकाशा दर दोन वर्षांनी नव्याने काढा.

विद्यापीठाने आजूबाजूच्या वस्तीत पैसा घातला तर सुधारणा होते ना?

होते, आणि वस्ती महागही होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९० च्या दशकात वेस्ट फिलाडेल्फियात सुरक्षा, दिवाबत्ती, कर्मचाऱ्यांना घरखरेदीसाठी मदत आणि व्यापार अशा अनेक बाजूंनी एकदम काम सुरू केलं, आणि शहराच्या शाळाखात्याबरोबर काढलेली सार्वजनिक शाळा २००१ मध्ये उघडली. शाळा चांगली निघाली. इतकी चांगली की तिच्या प्रवेशक्षेत्रातल्या घरांच्या किमती चढल्या, आणि २०१३ मध्ये बालवर्गाच्या नोंदणीसाठी पालक काही दिवस आधीपासूनच कडाक्याच्या थंडीत रांगेत बसले. शेवटी सोडत काढावी लागली.

यातून घ्यायचं ते एवढंच: शाळा, बाग किंवा चौक सुधारण्याची घोषणा करण्याआधी त्याच भागात परवडणाऱ्या घरांसाठी जागा ताब्यात घ्या. घोषणेनंतर ती जागा तुम्हालाच परवडणार नाही.

रात्रीच्या गोंगाटावर काय उपाय लागू पडतो?

दंडापेक्षा वेळेवर गेलेला फोन. फोर्ट कॉलिन्स शहर आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठ यांच्या पद्धतीत विद्यार्थी पार्टीची आगाऊ नोंद करतात. तक्रार आली की आधी यजमानाला फोन जातो, आणि पार्टी आटोपायला २० मिनिटं मिळतात. आटोपली तर विषय संपला, नाहीतर पोलीस येतात. शेजाऱ्याला शांतता मिळते, विद्यार्थ्याच्या नावावर पोलिसांत नोंद होत नाही आणि पोलिसांची फेरी वाचते.

हीच पद्धत बसवताना या गोष्टी पाहा. नोंदणीत दोन फोन नंबर घ्या, कारण एक यजमान हमखास फोन उचलत नाही. नोंदणी करणाऱ्यांशी दहा मिनिटं समोरासमोर बोला. नुसता ऑनलाइन अर्ज ठेवला तर नियम कोणी वाचत नाही. एका पत्त्याला सवलत एका रात्रीत एकदाच द्या. आणि नियंत्रण कक्षातल्या रात्रपाळीच्या माणसाला नोंदणीची यादी समोरच्या पडद्यावर दिसली पाहिजे. ती यादी विद्यार्थी कल्याण विभागाच्या संगणकात अडकून पडली, तर शुक्रवारी रात्री ती कोणाच्याही उपयोगाची नाही.

एक गोष्ट त्याहून स्वस्त आहे: सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात दोघांनी, म्हणजे पालिकेचा एक आणि विद्यापीठाचा एक अशा जोडीने, तक्रारींच्या गल्ल्यांत दारोदार जाऊन नंबर आणि कचऱ्याचे वार लिहिलेलं एक पान द्यायचं. शेजारच्या जुन्या रहिवाशालाही त्याच फेरीत भेटायचं. नावाने ओळखणारा शेजारी आधी दार वाजवतो, पोलिसांना फोन नंतर करतो.

वर्षअखेरीस रस्त्यावर गाद्या आणि टेबलांचे ढीग पडतात. त्यांचं काय?

एकाच दिवशी सगळे भाडेकरार संपतात, म्हणून ढीग पडतात. बॉस्टनमध्ये हा दिवस १ सप्टेंबर. फुटपाथवर इतकं सामान फुकट पडलेलं असतं की ऑल्स्टन भागात लोक या दिवसाला थट्टेने ख्रिसमसच म्हणतात. जोडीला भाड्याचे उंच ट्रक नदीकाठच्या रस्त्यावरच्या बुटक्या पुलांखाली अडकतात, तेही दरवर्षी, पाट्या लावूनसुद्धा.

आदर्श उपाय म्हणजे भाडेकरारांच्या तारखा दोन-तीन आठवड्यांत विभागणं, आणि तो घरमालकांशिवाय होत नाही. ते जमेपर्यंत पुढची तयारी करा. सहा आठवडे आधी ट्रक थांबण्याच्या जागांचे परवाने द्यायला सुरुवात करा. तीन आठवडे आधी पुनर्वापराच्या वस्तूंचं संकलन केंद्र जाहीर करा. शेवटचे तीन दिवस गल्लीच्या तोंडाशी मोठे कचरापात्र ठेवा आणि ते दिवसातून दोनदा उचला. भरून वाहणाऱ्या पात्राशेजारी दुप्पट ढीग लागतो.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी वापरण्याजोग्या वस्तू उचलणारी गाडी, मागून कचरागाडी. उलट झालं तर चांगलं कपाटही दाबयंत्रात जातं. गाद्या आणि कापडी सोफे पुनर्वापरासाठी घेऊ नका. ढेकूण एका घरातून दहा घरांत जातात. लाकूड, धातू, भांडी आणि चालू दिवे घ्या. विजेच्या वस्तू प्लग लावून तपासल्याशिवाय घेऊ नका. बॅटऱ्यांचा डबा वेगळा ठेवा, कारण कचरागाडीत लागणाऱ्या आगींचं एक मोठं कारण चेपलेल्या लिथियम बॅटऱ्या हे आहे.

विद्यापीठाची बस वेगळी आणि शहराची वेगळी, असं का असतं?

सवयीमुळे. दोन्ही एकत्र केल्याची चांगली उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या चॅपेल हिलमध्ये दोन शेजारी गावं आणि विद्यापीठ मिळून बससेवेचा खर्च उचलतात आणि २००२ पासून बसमध्ये तिकीटच नाही. इथाका परिसरात शहर, काउंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन) आणि कॉर्नेल विद्यापीठ यांच्या सेवा १९९८ मध्ये एकत्र आल्या. जर्मनीत डार्मश्टाटने १९९१ मध्ये सत्रतिकीट आणलं: प्रत्येक विद्यार्थी सत्रशुल्कात ठरावीक रक्कम भरतो आणि ओळखपत्रावर प्रवास करतो. सगळे भरतात म्हणून रक्कम लहान राहते. शुल्क ऐच्छिक केलं की रोज प्रवास करणारेच ते घेतात, दर चढतो, आणखी लोक बाहेर पडतात आणि योजना बुडते.

गर्दीचं मूळ वेळापत्रकात असतं. सगळे तास नऊला सुरू झाले तर साडेआठच्या बसला माणसं लोंबकळणार. दोन विद्याशाखांच्या वेळांत २० मिनिटांचा फरक ठेवला तर तीच बस दोन फेऱ्या करू शकते. नवी बस घेण्याआधी हे करून पाहावं. सुट्टीतल्या कमी फेऱ्यांचं वेळापत्रक ठरवताना रुग्णालयात आणि दुकानांत कामाला जाणाऱ्या रहिवाशांना विचारा. विद्यापीठाला सुट्टी लागली म्हणून त्यांना लागत नाही.

अडचण अनपेक्षित ठिकाणी येते: पार्किंग इमारतीचं कर्ज विद्यापीठ पार्किंगच्याच शुल्कातून फेडत असतं, त्यामुळे गाड्या कमी झालेल्या त्याच्या वित्त विभागाला नको असतात. हा आकडा पहिल्याच बैठकीत टेबलावर मागा. सायकलींच्या बाबतीत डेव्हिस हे कॅलिफोर्नियातलं गाव पाहण्यासारखं आहे. तिथे १९६७ मध्येच रस्त्यावर सायकलमार्ग आखले गेले.

विद्यार्थ्यांचे प्रकल्प शहराच्या खरंच कामी येतात?

एकेकटे सहसा येत नाहीत. अहवाल होतो, गुण मिळतात, अहवाल कपाटात जातो. ओरेगॉन विद्यापीठाने २००९-१० मध्ये ग्रेशम शहराबरोबर वेगळी पद्धत वापरली: पूर्ण शैक्षणिक वर्ष एकच शहर, आणि नियोजन, वास्तुकला, कायदा अशा अनेक विषयांचे वर्ग त्याच शहराच्या यादीतल्या प्रश्नांवर कामाला. ही पद्धत नंतर अनेक देशांत गेली.

ती जमवायची तर प्रश्न शहराने द्यायचे, प्राध्यापकाने शोधायचे नाहीत. सत्राच्या सहा महिने आधी यादी, तीन महिने आधी माहितीसाठा. प्रत्येक प्रकल्पामागे पालिकेचा एक अधिकारी आठवड्याला दोन-तीन तास मोकळा हवा. विद्यार्थी माहितीची वाट पाहत महिना घालवतात, आणि १५ आठवड्यांच्या सत्रात महिना परत मिळत नाही. शहराने शुल्क भरावं, थोडं का होईना. फुकट आलेला अहवाल कोणी उघडत नाही. आणि सत्र संपल्यावर एका विद्यार्थ्याला मानधन देऊन सगळे अहवाल एका मसुद्यात आणायला लावा. हे शेवटचं काम टाळलं तर आधीचं सगळं फुकट.

विद्यार्थ्यांचे पत्ते विद्यापीठ शहराला देऊ शकतं का?

सरसकट नाही. अमेरिकेत शैक्षणिक नोंदींचा १९७४ चा कायदा आहे, युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेले माहिती संरक्षणाचे नियम. पण नियोजनाला नावं लागतच नाहीत. कोणत्या गल्लीत किती विद्यार्थी एवढा आकडा पुरतो, आणि एखाद्या गटात दहापेक्षा कमी असतील तर तोही झाकून द्यावा. उलट दिशेने, म्हणजे शहराकडून विद्यापीठाकडे, तक्रारींचा आठवडी तक्ता जाऊ शकतो.

जनगणनेत विद्यार्थी कोणत्या गावचे धरतात?

अमेरिकेत ते जिथे शिकायला राहतात तिथले. ब्रिटनमध्येही २००१ पासून सत्रकाळातला पत्ता धरतात. गावाला मिळणारा निधी या आकड्यावर ठरत असल्याने मोजणीच्या महिन्यात वसतिगृहं आणि भाड्याची घरं दोन्हीकडे माणसं पाठवा. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेची तारीख १ एप्रिल होती आणि महासाथीमुळे त्याआधीच विद्यार्थी घरी परतले होते. कॉलेजच्या गावांसाठी ही मोजणी डोकेदुखी ठरली.

काम होतंय की नाही, हे कशावरून ओळखायचं?

पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. घाबरू नका, तक्रारीचा नंबर लोकांना कळल्याची ती खूण आहे. एकूण संख्येऐवजी एकाच पत्त्यावरच्या पुन्हा आलेल्या तक्रारी, तक्रार ते पहिला फोन यातली मिनिटं, भाडेकराराच्या शेवटच्या आठवड्यातला कचरा टनांत, आणि गर्दीच्या वेळी मागे राहिलेले प्रवासी हे चार आकडे ठेवा. समाधानाची सर्वेक्षणं सत्राच्या मध्यावर घ्या. सुट्टीत घेतली तर शेजारी फार समाधानी निघतात.

मग भागीदाऱ्या बंद का पडतात?

समन्वयकाची जागा रिकामी झाली आणि ‘तूर्त’ कोणाकडे तरी अतिरिक्त कार्यभार गेला, हे सगळ्यात नेहमीचं कारण. गेलेल्या समन्वयकासोबत घरमालकांचे नंबर, कोणत्या गल्लीत कोणाशी बोलायचं याची ओळख, सगळं जातं. त्या पदाचा निम्मा-निम्मा पगार दोन्हीकडे मंजूर असेल तर ते रद्द करायला दोघांची संमती लागते, आणि हाच या विभागणीचा खरा फायदा. विद्यार्थी प्रतिनिधींचा कार्यकाळ संपण्याआधी महिनाभर नवे प्रतिनिधी बैठकीला बसवा.

आमच्या गावात यातलं काहीच नाही. शेजारच्या घराबद्दल आज तक्रार करायची तर?

धोका असेल तर पोलीस. नसेल तर पत्ता, वार, वेळ आणि काय घडलं हे चार ओळींत लिहून पालिकेच्या विभागाला आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाला एकाच ईमेलमध्ये पाठवा. दोघांनाही दिसू द्या की ती दुसऱ्यालाही गेली आहे. घरमालकाचं नाव मालमत्ता नोंदीतून मिळत असेल तर तिसरी प्रत त्याला. विद्यार्थ्याचं नाव घालू नका. पत्ता पुरतो.